नदीत धडधाकट, समुद्रात बेपत्ता

मागच्या अंकात आम्लवर्षेवर लिहिताना एक वाक्य मी सहज टाकून पुढे गेले होते: दक्षिण नॉर्वेतल्या काही नद्यांत सॅल्मनची पिल्लं चांगली धडधाकट दिसत, तरी समुद्रातून परतणारे मासे कमी कमी होत गेले. ते तसं अर्धवट सोडल्याबद्दल वाचकांनी मला चांगलंच धारेवर धरलंय. आलेल्या पत्रांतली सात निवडली आहेत. बाकीच्यांच्या शंका यातच कुठे ना कुठे येऊन जातात. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच, की मी माशांच्या शरीरक्रियांचा अभ्यास करते आणि नॉर्वेच्या दक्षिण टोकाला नऊ वसंत ऋतू मी रबरी विजार चढवून गार पाण्यात उभी राहून काढले आहेत. त्यामुळे उत्तरं थोडी लांबतील.

प्रश्न : पाणी किंचितच आम्ल होतं, पिल्लं त्यात हुंदडत होती, एकही मेलेलं सापडलं नाही, असं तुम्ही म्हणता. समुद्राचं पाणी तर अल्कधर्मी असतं. मग नदीतून सुटून समुद्रात गेल्यावर पिल्लाचा त्रास संपायला हवा. इथे उलटं कसं?

अगदी हाच हिशेब मी पहिल्या वर्षी मांडला होता आणि तोंडावर आपटले होते. ते सांगतेच, पण आधी माशाविषयी थोडं.

अटलांटिक सॅल्मन जन्मतो नदीत, मोठा होतो समुद्रात आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. दक्षिण नॉर्वेत पिल्लाची पहिली दोन-तीन वर्षं नदीच्या दगडगोट्यांतच जातात. तेव्हा ते तपकिरी असतं आणि कुशीवर कुणी शाईची बोटं टेकवल्यासारखे गडद ठसे असतात. या वयात त्याला ‘पार’ म्हणतात. मग एका वसंतात, दिवस मोठा होऊ लागला की ते ठसे चंदेरी मुलाम्याखाली झाकले जातात, अंग सडपातळ होतं, परांच्या कडा काळ्या पडतात. एरवी आपल्या दगडाची राखण करत शेजाऱ्यांशी भांडणारा हा प्राणी थव्यात सामील होतो आणि रात्रीच्या अंधारात समुद्राकडे निघतो. हा ‘स्मोल्ट’. लांबी साधारण १२ ते १५ सेंटीमीटर. हातात धरला तर खवले सुटून तळव्याला चांदीची भुकटी लागते. म्हणून भूल दिल्याशिवाय आणि हात ओले केल्याशिवाय आम्ही त्याला शिवत नसू.

बाहेरून दिसतं त्याहून मोठं स्थित्यंतर आत चाललेलं असतं. गोड्या पाण्यात माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट. त्यामुळे अंगातलं मीठ सतत बाहेर झिरपतं, बाहेरचं पाणी आत घुसतं. मासा पातळ लघवी करून पाणी काढून टाकतो आणि कल्ल्यांतून मिठाचा कण न कण वेचून आत घेतो. समुद्रात सगळंच फिरतं. तिथे पाणी रक्तापेक्षा खारट. आता अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि मीठ आत लोटतं. मग मासा समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर फेकतो. काम त्याच अवयवाचं, पण दिशा उलटी. त्यासाठी कल्ल्यांतल्या खास पेशींत मीठ ढकलणारं एक एन्झाइम भरपूर साठवावं लागतं. त्याचं नाव सोडियम-पोटॅशियम एटीपेज. पुढे मी त्याला नुसता ‘पंप’ म्हणेन. मुद्दा असा, की हा पंप समुद्रात पोचल्यावर बसवत नाहीत. नदीत असतानाच, निघण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत तो तयार होतो.

नेमकं त्याच आठवड्यांत ॲल्युमिनियम आडवं येतं. जमिनीत ॲल्युमिनियम भरपूर असतं, पण एरवी ते मातीत घट्ट बसलेलं असतं. आम्लवर्षेने माती आम्ल झाली की ते सुटतं आणि विद्युतभारित कणांच्या रूपात ओढ्याला मिळतं. कल्ल्याच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, या कणांवर धनभार. त्यामुळे ते तिथे चिकटतात. त्यात मासा स्वतःच भर घालतो, हा भाग मला आजही चमत्कारिक वाटतो. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकत असतो. त्यामुळे कल्ल्याला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात आम्लता थोडी उतरते, आणि बाहेर विरघळलेलं ॲल्युमिनियम तिथे येताच त्याचा साका धरतो. म्हणजे मासा पाण्यात हुंदडत असतो आणि प्रत्येक श्वासागणिक कल्ल्यांवर धातूचा थर चढत असतो.

थर जाड झाला तर मासा नदीतच जातो. कल्ले चिकट स्रावाने बरबटतात, प्राणवायू कमी पडतो, मीठ भराभर गळतं. १९७५ च्या वसंतात दक्षिण नॉर्वेतल्या तोव्दाल नदीत हजारो ट्राउट मासे मेले, तेव्हा तपासणीत हेच आढळलं : रक्तातलं सोडियम आणि क्लोराइड घसरलेलं. थर पातळ असेल तर मासा पोहतो, खातो, जगतो. बिघडतो तो फक्त पंप, आणि गोड्या पाण्यात तो बिघडलेला कळतही नाही, कारण त्याची पुरती गरज तिथे नसतेच.

आता माझी फजिती. माझा पहिला मे महिना. नदीवर तरंगता पिंजरा लावला होता, पाण्याच्या जोराने फिरणारं मोठं नरसाळं आणि मागे पेटी. त्यात आलेले स्मोल्ट चकचकीत, चपळ, खवले शाबूत. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका कमी तितकं पाणी आम्ल), ५.८. वहीत मी ‘मासे उत्तम’ असं लिहिलं आणि खाली रेघही ओढली. आमच्या तंत्रज्ञाने, तीस वर्षं हेच काम केलेला गृहस्थ, ती रेघ पाहिली आणि काही न बोलता त्यातले वीस मासे समुद्राच्या पाण्याच्या टाकीत सोडले. ही नेहमीची चाचणी असते : चोवीस तास खाऱ्या पाण्यात ठेवायचं, मग शेपटीजवळच्या शिरेतून रक्त काढून क्लोराइड मोजायचं. धडधाकट स्मोल्ट ते लिटरमागे १४०-१५० मिलिमोलच्या आसपास रोखून धरतो, भोवतालच्या पाण्यात ५०० च्या वर असलं तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उचललं तर तीन मासे आडवे झालेले. बाकीचे काळवंडून टाकीच्या तळाशी खिळल्यासारखे उभे, कल्ल्याची झाकणं भराभर उघडमीट करणारी. आम्ल मारायला चुना टाकलेल्या शेजारच्या उपनदीतले मासे बाजूच्या टाकीत मजेत फिरत होते. आमच्या माशांचे आकडे १७० च्या पुढे गेले. ती वही अजून माझ्याकडे आहे, रेघेसकट.

टाकीत माशाला खायला कुणी टपलेलं नसतं, म्हणून सतरा वाचले. फ्योर्डमध्ये, म्हणजे समुद्राच्या आत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीत, असते कॉड या शिकारी माशांची रांग. रक्तातलं मीठ आवरण्यात ताकद घालवणारा स्मोल्ट खात नाही, मंद पोहतो, थव्यातून मागे पडतो. तो कॉडच्या पोटात गेला की कारण म्हणून कॉडच लिहिलं जाणार. नॉर्वेत यावर खुणेचे बिल्ले लावून प्रयोग झाले आहेत. स्मोल्टचे दोन गट करायचे, एकाला सौम्य आम्ल आणि ॲल्युमिनियमच्या पाण्यात काही दिवस ठेवायचं, दुसऱ्याला चांगल्या पाण्यात, आणि दोन्ही सोडून द्यायचे. पहिल्या गटातले नदीत मेले नाहीत. पण मोठे होऊन परतले त्यांत त्या गटाचे मासे स्पष्टपणे कमी भरले. समुद्राचं पाणी अल्कधर्मी असतं हे तुमचं बरोबरच आहे. फक्त स्मोल्ट तिथे पोचतो तेव्हा त्याची अडचण आम्लाची उरलेली नसते, मिठाची झालेली असते.

प्रश्न : चुना टाकून नदीचा पीएच ६.४ पर्यंत चढवतात म्हणे. पण ५.८ आणि ६.४ यांत फरक तो किती? एवढ्याशा आकड्यासाठी सरकारं चुन्याचे ट्रक रिकामे करतात, हे अतिशयोक्त वाटतं.

पीएचचा आकडा पायऱ्यांचा जिना नाही. एक अंक उतरला की आम्लता दहापट होते. ६.४ वरून ५.८ म्हणजे चौपट. पण तुमच्या शंकेत तथ्य आहेच : चौपट आम्लानेही स्मोल्टला फारसं काही झालं नसतं, ते पाणी ॲल्युमिनियम घेऊन आलं नसतं तर. लिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम विषारी रूपातलं ॲल्युमिनियम स्मोल्टचा पंप बिघडवायला पुरतं. एका लिटरात एवढं ॲल्युमिनियम डोळ्यांना, जिभेला, नाकाला कशालाच कळणार नाही. पाणी काचेसारखं नितळ. दक्षिण नॉर्वेतल्या सगळ्यात स्वच्छ दिसणाऱ्या नद्यांत मासे नव्हते, ते उगाच नाही.

आणखी एक गोष्ट आकडा लपवतो, ती म्हणजे वेळ. प्रदूषित हवेतलं आम्ल हिवाळाभर बर्फात साठत राहतं. बर्फ वितळायला लागला की ते सारख्या प्रमाणात उतरत नाही. पहिल्या तीसेक टक्के पाण्यात निम्म्याहून जास्त आम्ल वाहून येतं. नदीचा सरासरी पीएच वर्षभर ६ असला, तरी एप्रिलातले चार-पाच दिवस तो ५.३ ला बसू शकतो, आणि कॅलेंडरात ते चार-पाच दिवस स्मोल्टच्या तयारीवरच येतात. जोराचं समुद्री वादळही असाच घोळ घालतं. लाटांचे तुषार वाऱ्याने डोंगरावर पडतात, मिठातलं सोडियम मातीत शिरतं आणि तिथलं आम्ल व ॲल्युमिनियम बाहेर ढकलतं. पावसात प्रदूषणाचा थेंब नसतानाही.

आम्ही दर मंगळवारी नमुना घेत असू. एका वर्षी बुधवारी रात्री पाऊस लागला आणि सोमवारपर्यंत नदी पूर्वपदावर आली. वहीत त्या आठवड्यासारखा निवांत आठवडा दुसरा नाही. कल्ल्यांनी मात्र सगळं नोंदवून ठेवलं होतं.

मोजण्याची मेख : या नद्यांत क्षार इतके कमी की पीएच मीटरचा काटा स्थिरावायलाच दहा-पंधरा मिनिटं घेतो. घाईने वाचलेला आकडा चुकीचा निघण्याची शक्यता बरीच. थंडीत बोटं बधिर झाली की घाई होतेच.

प्रश्न : मी जीवशास्त्र शिकवते. लहान पिल्लू नाजूक आणि मोठं झाल्यावर कणखर, हे सर्वसाधारण गणित. मग लहान ‘पार’ टिकतो आणि मोठा ‘स्मोल्ट’ ढासळतो, असं का?

तुमचं गणित सुरुवातीला लागू पडतं. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं, पोटाशी बलकाची पिशवी असलेलं पिल्लू आम्लाला फार हळवं असतं; पीएच ५ च्या खाली गेलेल्या नद्यांत पिढ्याच्या पिढ्या तिथेच संपल्या. ते पार पडलं की ‘पार’ बऱ्यापैकी काटक होतो. आणि मग स्मोल्ट होताना ही काटकता पुन्हा जाते.

एका खेपेला एकाच ओढ्यातले पार आणि स्मोल्ट आम्ही एकाच हौदात ठेवले. पीएच ५.४, बाकी काही नाही. तिसऱ्या दिवशी पार एकमेकांना हुसकावत होते आणि खाणं टाकलं की वर येत होते. स्मोल्ट पाणी आत येणाऱ्या नळीच्या तोंडाशी गर्दी करून होते. रक्त काढलं तर त्यांचं मीठ घसरलेलं, पारचं जवळपास जागेवर.

कारण बदलाच्या स्वरूपातच आहे. समुद्रात मीठ बाहेर टाकता यावं म्हणून कल्ल्याच्या पेशींची रचना मोडून नव्याने होत असते. पंपाचीसुद्धा दोन रूपं असतात, गोड्या पाण्याचं एक आणि खाऱ्या पाण्याचं दुसरं. पहिलं कमी होत असतं, दुसरं वाढत असतं. घराची डागडुजी चालू असताना, दारं काढून ठेवलेली असताना पाऊस यावा, तशी त्याची गत होते. त्यात अंगात कॉर्टिसोल वाढलेलं असतं. बदल घडवून आणायला ते लागतंच, पण तेच ताणाचंही संप्रेरक. विद्यार्थ्यांना सांगायचं तर ‘मोठा’ आणि ‘लहान’ हे शब्द इथे बाजूला ठेवा आणि मासा त्या आठवड्यात कशाच्या मध्यावर आहे, ते विचारा.

प्रश्न : चुना टाकला की आम्ल मरतं हे शाळेतलं रसायनशास्त्र. मग एकदाच भरपूर टाकून प्रश्न का मिटवत नाहीत?

आधी शब्दाचं. टाकतात ती चुनखडीची बारीक पूड. कळीचा चुना टाकला तर पाणी भाजेल आणि मासेही. चुनखडी सावकाश विरघळते, जास्त पडली तरी घात करत नाही.

नदीच्या काठावर उंच कोठी असते, तिच्यातून पूड पाण्यात कालवून सोडली जाते. किती सोडायची ते नदीचा प्रवाह आणि खालच्या अंगाचा पीएच पाहून यंत्र ठरवतं. एकदाच टाकून भागत नाही, कारण नदी वाहते. आज शुद्ध केलेलं पाणी उद्या समुद्रात असतं आणि मागून नवं आम्ल पाणी येतच राहतं. खरा घाटा मातीत आहे. ग्रॅनाइट आणि नाइस यांसारख्या कठीण खडकावर वीतभर माती. तिच्यातलं कॅल्शियम शंभरेक वर्षांच्या पावसाने धुऊन नेलं. खडक झिजून ते भरून यायला दशकं लागतात. हे कॅल्शियम माशाच्याही कामाचं असतं. कल्ल्याच्या पेशींमधले सांधे ते घट्ट धरून ठेवतं, म्हणून तोच पीएच असला तरी कॅल्शियम असलेल्या पाण्यात मासा जास्त तग धरतो.

मान्दाल नदीचं उदाहरण घेऊ. एके काळची नॉर्वेतली नावाजलेली सॅल्मनची नदी. नॉर्वेत सॅल्मनच्या पकडीच्या अधिकृत नोंदी १८७६ पासून आहेत. त्यांत दक्षिणेकडच्या या नद्यांची रेघ विसाव्या शतकात उतरत उतरत शून्याला टेकलेली दिसते, देशातल्या इतर नद्या ठीक चालल्या असताना. मान्दालचा मूळ सॅल्मन संपला. १९९७ मध्ये तिथे चुनखडी सुरू झाली आणि काही वर्षांत पुन्हा टनांनी मासा मिळू लागला. शेजारच्या नद्यांतून वाट चुकून आलेले, बाहेरून आणलेल्या अंड्यांतले, असे मिळून नवे रहिवासी. मला यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते वेळापत्रक : वर्षभर पीएच ६ च्या आसपास चालतो, पण स्मोल्टच्या तयारीच्या वसंतात तो ६.२ आणि मग ६.४ पर्यंत चढवतात. म्हणजे चुनखडीचा खर्च माशाच्या पंपाच्या दिनक्रमाला बांधलेला.

यात एक खोडी आहे आणि ती भल्याभल्यांना नडते. शुद्ध केलेल्या मुख्य नदीला खाली एखादा आम्ल ओढा मिळाला तर संगमानंतरच्या पट्ट्यात पाणी ओढ्यापेक्षाही घातक होऊ शकतं. ओढ्यातलं विरघळलेलं ॲल्युमिनियम अचानक कमी आम्ल पाण्यात येतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडून गुठळ्या धरू लागतात, आणि ही अर्धवट गुठळी कल्ल्यावर सर्वांत जास्त चिकटते. काही वेळाने, काही अंतरावर गुठळ्या पक्क्या होतात आणि निरुपद्रवी ठरतात. आम्ही एकदा दोन जाळीचे पिंजरे ठेवले, एक नुसत्या आम्ल ओढ्यात आणि एक संगमाच्या जरा खाली, जिथे मीटर ५.९ दाखवत होता. खालच्या पिंजऱ्यातले मासे आधी गेले. एका कंत्राटदाराने अशाच जागी कोठी बसवली होती आणि मासे मेल्यावर चुनखडीलाच दोष दिला. त्या बैठकीत मी जरा आवाज चढवून बोलले, हे कबूल करते.

दुसरी बाजू धुराड्यांची, जिथून आम्लवर्षेचं गंधक हवेत जातं. हवेतल्या प्रदूषणावरचा १९७९ चा जिनिव्हा करार आणि त्यानंतरचे करार यांमुळे युरोपातलं गंधकाचं उत्सर्जन १९८० च्या तुलनेत फारच थोडं उरलं आहे. पाऊस सुधारला. माती मागून येते आहे.

प्रश्न : मी आठवीत आहे. सॅल्मनला आपली नदी वासावरून सापडते असं वाचलं. आम्लाने माशाचं नाक बिघडतं का?

बिघडतं, आणि प्रश्न फार नेमका आहे. माशाच्या नाकपुड्यांतून पाणी आरपार जात असतं, त्यामुळे आतले वास घेणारे तंतू थेट पाण्याच्या संपर्कात असतात. पाणी आम्ल झालं की वासाला त्यांचा प्रतिसाद मंदावतो किंवा बदलतो. आपल्या नदीचा वास स्मोल्ट लक्षात ठेवतो तो निघण्याच्या सुमारास. म्हणजे कल्ले पंप बसवत असतात, त्याच आठवड्यांत नाक पत्ता पाठ करत असतं. दोन्ही कामं एकाच पाण्यात.

प्रश्न : कॅनडात नोव्हा स्कोशियाला गेलो होतो. तिथल्या नद्या कोऱ्या चहासारख्या लालसर. मार्गदर्शक म्हणाला, आम्ल आहे पण नैसर्गिक आहे. नैसर्गिक आम्लाने मासा मरत नाही का?

अर्धं खरं सांगितलं त्याने. हा रंग दलदलीत कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा. त्यातली सेंद्रिय आम्लं पीएच उतरवतात, पण तीच ॲल्युमिनियमला मिठी मारून ठेवतात. मिठीत अडकलेलं ॲल्युमिनियम कल्ल्यावर बसत नाही. म्हणून एकाच पीएचच्या दोन नद्यांत नितळ नदी माशाला जास्त वाईट. पण मिठीलाही मर्यादा असते. त्या प्रांताच्या दक्षिण भागात खडक कठीण, माती तुटपुंजी आणि वर दशकानुदशकं आम्लवर्षा, पाणी ४.७ च्या खाली गेलेल्या नद्यांतून सॅल्मन नाहीसा झाला. उरलेल्यांना २०१० मध्ये कॅनडाच्या वन्यजीव समितीने संकटग्रस्त ठरवलं. हॅलिफॅक्सच्या पूर्वेला शीट हार्बरजवळच्या वेस्ट रिव्हरवर २००५ पासून चुनखडीची कोठी चालते, नॉर्वेचंच तंत्र. वाट वाकडी करून ती पाहून आला असतात तर बरं झालं असतं.

प्रश्न : समजा, मासा आम्ल पाण्यातून चांगल्या पाण्यात आला, तर तो बरा होतो का? आणि एखादा स्मोल्ट समुद्रात पकडून त्याने नदीत आम्ल सोसलं होतं, हे सिद्ध करता येईल का?

पहिल्या भागाचं उत्तर : होतो, पण सगळं एका वेगाने नाही. चांगल्या पाण्यात रक्तातलं मीठ काही दिवसांत जागेवर येतं. पंपाला वेळ लागतो, एक-दोन आठवडे धरा. आणि स्मोल्टकडे तेवढीच उसंत नसते. तयारीचा काळ थोडा. उशीर झाला तर पाणी तापतं आणि मासा पुन्हा गोड्या पाण्याच्या सवयीकडे वळू लागतो. निघाला तर एक-दोन रात्रींत मुखाशी पोचतो. त्यात फ्योर्डमधली समुद्री ऊ, म्हणजे माशाच्या अंगाला चिकटणारा बारीक परजीवी, मागे लागली तर आधीच मीठ आवरता न येणाऱ्या माशाच्या कातडीला ती आणखी भोकं पाडते.

दुसऱ्या भागासाठी नमुना कसा घेतात ते सांगते. माशाला भूल द्यायची, कल्ल्याचं झाकण चिमट्याने उचलायचं आणि बारीक कात्रीने कमानीवरचे चार ते सहा तंतू, फक्त टोकं, कापून घ्यायचे. तांबडे लालबुंद, भिजलेल्या पिसासारखे. मासा मरत नाही, दहा मिनिटांत उठून पोहायला लागतो. तंतू थंडगार नळीत टाकून गोठवले की पंपाची ताकद मोजता येते. ॲल्युमिनियम मोजायचं तर थोडं जास्त लागतं. एक कमान वाळवून तिच्या वजनाच्या हिशेबात मोजतात.

हे मी समुद्रावर करून पाहिलं आहे. फ्योर्डच्या तोंडाशी जाळ्यात आलेले स्मोल्ट, अकरा मासे, सगळे आमच्याच नदीचे, परांवरच्या खुणेवरून ओळखलेले. पंप सगळ्यांचे कमजोर निघाले. कल्ल्यांत ॲल्युमिनियम जवळजवळ नव्हतंच. चांगल्या पाण्यात आणि समुद्रात ते थोड्या दिवसांत धुऊन जातं. पंप कमजोर असायला दुसरीही कारणं असू शकतात, असं माझ्या अहवालाच्या परीक्षकाने लिहून पाठवलं, आणि त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. पुढच्या वसंतापासून आम्ही नमुने नदीतच, पिंजऱ्यापाशी, पावसाच्या दुसऱ्या दिवशी घ्यायला लागलो.